तू न प्यालेलं पाणी

विमल,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. खुर्चीवर तुझा फोटो ठेवून त्याला हार घातला होता. फोटो तोच, ओळखपत्रासाठी काढलेला, ज्यात तू फोटोग्राफरवर चिडल्यासारखी दिसतेस. मोठ्या बाई बोलल्या. तुझं गणित, तुझा वक्तशीरपणा, सूर्य मावळायच्या आत घर गाठायची तुझी धावपळ, सगळं बोलल्या. आणि शेवटी आवाज जड करून म्हणाल्या, "विमलबाईंनी आयुष्यात कधी कोणाशी जातपात पाळली नाही. आपल्या कुसुमबाई त्याच्या साक्षीदार आहेत." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला बोलायला बोलावलं. मी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. रडू येतच होतं, पण मी उठले नाही त्याचं कारण ते नव्हतं.

साक्षीदार मी आहे, हे खरं. पण साक्षीदाराला काय दिसलं, ते कोणी विचारलं नाही. त्यांनी निकाल आधी सांगितला आणि मग मला उभं राहायला सांगितलं.

आता वार्षिकांकासाठी त्यांना माझ्याकडून तुझ्यावर एक पान हवं आहे. ते पान लिहायला म्हणून बसले आणि तुझ्याशीच बोलायला लागले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मोठ्या बाई चुकल्या नाही वं. एका बाजूनं बरोबरच हायेत." याच 'एका बाजूनं'वरून आपण दोघी इतकी वर्षं भांडलो. भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. आता दुसऱ्या बाजूनं बोलायला समोर कोणी नाही. दोन्हीकडून मीच बोलते आहे, आणि त्यात काही मजा नाही.

मी इतवारीतल्या आपल्या शाळेत लागले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. कोणी वाईट वागत नव्हतं. नमस्कार होत होते, खडूची पेटी हातात नाही तरी टेबलावर ठेवून मिळत होती. फक्त मधल्या सुट्टीत डबे उघडले की ती खुर्ची रिकामी राहायची. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी मॅट्रिकला होते. आता आपण बौद्ध झालो, जुनं सगळं मागं पडलं, असं मला वाटलं होतं. ते आमच्याकडून मागं पडलं होतं. शाळेत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असे.

एक दिवस तू तिथं येऊन बसलीस. गांधीबागेतल्या कापडवाल्यांची सून, गणिताची नवी बाई. डबा उघडायच्या आधी विचारलंस, "तुमच्या डब्यात कांदा हाय काय?"

मी म्हटलं, हाय.

"मग मी थोडी तिकडे सरकते. कांद्यामुळे हो. तुमच्यामुळे नाही."

हसावं की चिडावं, मला कळेना. ते दुसरं कारण इतक्या उघडपणे नाकारणारी, म्हणजे ते हवेत आहे हे मान्य करणारी, तू पहिलीच होतीस. बाकीच्या सगळ्या माझ्या डब्यात काय आहे ते न विचारताच सरकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बिनकांद्याची भाजी आणली. तू सरकली नाहीस. मग रोजच आणायला लागले, आणि माय मला विचारू लागली, कांद्यानं तुले काय केलं?

तुझ्याशी सरळ बोलणं म्हणजे एक शिक्षाच होती. चहा गोड झालाय का, विचारलं तर, "कालच्यापेक्षा गोड, परवाच्यापेक्षा नाही." पोरींनी विचारलं, बाई, पेपर सोपा आहे का, तर तू म्हणायचीस, "ज्यानं अभ्यास केला त्याच्याकडून सोपा, माझ्याकडून सोपा, तुमच्याकडून पाहून सांगते." रविवारी मंदिरातल्या पाठशाळेत तू मुलांना स्याद्वाद शिकवायचीस, आणि सोमवारी तो माझ्यावर चालवून बघायचीस. कुठलीही गोष्ट सगळीकडून एकदम दिसत नाही, म्हणून जे सांगायचं ते कुठे उभं राहून पाहिलं तेही सांगायचं. आहे, नाही, आहेही आणि नाहीही, शब्दांत सांगता येत नाही, आणि मग यांच्या जोड्या. सात प्रकारे सांगायचं. मी एकदा म्हटलं, म्हणजे सगळ्याला 'कदाचित' लावायचं, एवढंच ना? तू भयंकर रागावलीस.

"कदाचित म्हंजे मले माहीत नाही. स्यात् म्हंजे मले माहीत हाय, पण कुठून पाहून राहिली ते बी सांगते. कदाचित म्हणणारा पळते. स्यात् म्हणणारा आपला पत्ता देते."

हे मला आवडलं होतं. तुला तसं सांगितलं नाही. मी इतिहासाची बाई. आमच्यात लढाई झाली म्हणजे झाली, आणि कोण हरलं ते लिहायचं असतं. गणिताची बाई तू, तुझ्याकडे एकाला एक उत्तर असायला हवं होतं. आपल्या जागा अदलाबदल झाल्या आहेत असं सगळे म्हणायचे. आणि धर्माचंही उलटंच. 'आहे की नाही' अशा प्रश्नांना भगवान बुद्ध गप्प राहिले आणि मला एक क्षण गप्प बसवत नव्हतं. तू म्हणायचीस, "तुमचे भगवान गप्प राहिले ते तुह्या वाट्याचं बी त्याइनंच राहून घेतलं."

तो एक सोमवार मला आठवतो. पाठशाळेत आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट सांगून आली होतीस. कोणाला पाय खांबासारखा लागला, कोणाला कान सुपासारखा, ती. मी म्हटलं, "त्या गोष्टीत हत्तीचं नशीब बरं म्हणायचं. त्याले सगळ्याइनं हात तरी लावला. आम्ही कसे हाओत ते सांगणाऱ्याइनं आमाले हात बी लावला नव्हता." तू पोळीचा तुकडा हातात धरून बसलीस, घंटा झाली तरी. नंतर ती गोष्ट तू पाठशाळेत सांगायची बंद केलीस, असं तुझ्या सुनेकडून मला परवा कळलं.

पण मला लिहायचं आहे ते त्या बुद्ध पौर्णिमेचं. शाळेला सुट्ट्या होत्या. वैशाखातलं नागपूर, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही असं ऊन. मी तुला इंदोऱ्याला घरी बोलावलं होतं. जैन बाई येणार म्हणून मायनं आठ दिवस आधीपासून मला विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. त्या काय खातात, काय खात नाहीत, कशावर बसतात. मी सांगितलं, पाणी गाळून पितात, कपड्यातून, दुहेरी करून. मायनं नवं मांजरपाट आणलं. लोटा चिंचेनं घासला. आणि तू सायकलरिक्षातून उतरून अंगणात येऊन बसलीस तेव्हा तुला काही शंका राहू नये म्हणून, आमच्या वस्तीच्या विहिरीचं ताजं पाणी तिनं तुझ्या डोळ्यांदेखत गाळलं. सावकाश, एक थेंब बाजूला न जाऊ देता. मग तो कपडा दोन्ही हातांनी घट्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला आणि लोटा तुझ्यापुढे धरला.

तुझे ओठ कोरडे पडले होते. तू म्हणालीस, "मावशी, मले तहान नाही."

माय लोटा धरून उभी राहिली. मग तो तिनं खाली ठेवला, तुझ्या उजव्या हाताशी, नंतर घ्यावासा वाटला तर असावा म्हणून. तू तासभर बसलीस. छान बोललीस, मायशी पोरींच्या गोष्टी केल्यास, तिला हसवलंस. केळं खाल्लंस. सालीच्या आतलं. माझं लक्ष त्या लोट्यावरून हललं नाही. तू गेल्यावर मायनं ते पाणी मोगऱ्याला ओतलं.

"तहान नसन तिले," माय म्हणाली.

"माय, तुले काई समजत नाही काय?"

"समजते वं. पण घंटाभर बसली ना पोरगी."

शाळा उघडली तेव्हा मी खुर्ची बदलली. तुझ्याशी कामापुरतं बोलायचे, 'तुम्ही' म्हणून. तूही काही विचारलं नाहीस. पाऊस झाला, गणपती बसले, तुमचं पर्युषण सुरू झालं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तू शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकापुढे जाऊन हात जोडलेस, दरवर्षी जोडायचीस तसे. वर्षभरात जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा. सगळ्या जणी "अहो, काय हे!" म्हणत होत्या. माझ्यापुढे आलीस तेव्हा मी म्हटलं, "कशाची?"

"कशाची म्हंजे?"

"चुकीचं नाव घ्या. नुसती लढाई झाली असं आम्ही लिहीत नाही. कुठे झाली, कोणाशी झाली, लिहितो."

तू इकडेतिकडे पाहिलंस आणि मला व्हरांड्यात नेलंस. तिथं तू मला तो कपडा समजावून सांगितलास. गाळायचं ते पाण्यातले जीव वाचावेत म्हणून. गाळून झालं की कपडा कधी पिळायचा नसतो, पिळला की अडकलेले सगळे जीव मरतात. तो हलक्या हातानं उलटा करायचा, गाळलेल्याच पाण्यानं धुवायचा, आणि ते धुवण जिथलं पाणी तिथं, त्याच विहिरीत, हळूच परत सोडायचं. माझ्या मायनं तुझ्यासाठी, तुझ्यासमोर, जोर लावून पिळला होता.

"मग तवाच काहून नाही सांगितलं?"

"त्याइनं एवढ्या हौसेनं केलं. तोंडावर कशी म्हणू का मावशी, तुमी आत्ता जीव मारले?"

मला सुटल्यासारखं झालं, विमल. खरंच झालं. सगळा पावसाळा छातीवर बसलेला धोंडा नुसत्या एका मांजरपाटाचा निघाला होता. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी विचारलं, "एवढंच कारण?"

तू मैदानाकडे पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "एका बाजूनं एवढंच."

"अन् दुसऱ्या बाजूनं?"

घंटा झाली. तू वर्गावर गेलीस. माझ्याकडे मागं वळून पाहिलं नाहीस, आणि मी क्षमा केली असं म्हटलं नाही.

घरी जाऊन मायला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "आता वं माय! मले सांगाचं ना तिनं. मी पुन्हा गाळली असती. बोलाव तिले." मी तुला निरोप दिला. तू म्हणालीस, येते. दिवाळीत येते म्हणालीस. मग तुझ्या मोठ्याला गोवर निघाला. मग सासूबाईंचं पडणं झालं. संक्रांतीला येते म्हणालीस, मग उन्हाळ्यात. माय अधूनमधून विचारायची, तुही जैन बाई येत नाही काय वं? त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माय गेली, दोन दिवसांच्या तापानं. तू आलीस. बायांच्या गर्दीत माझ्याजवळ बसलीस, दिवसभर माझा हात सोडला नाहीस. त्या दिवशी कोणी कोणाला पाणी विचारत नव्हतं.

यानंतरचं जे आहे, त्याबद्दल मोठ्या बाई म्हणतात ते सगळं खरं आहे. मी तेही सांगते, नाहीतर माझी साक्ष खोटी. भावाचं लग्न झालं, घर अपुरं पडलं, मी खोली शोधू लागले, आणि नाव-गाव विचारून झालं की खोल्या आपोआप भरलेल्या निघायच्या. तू शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर हिंडायचीस. पाचपावलीत शेवटी जागा मिळाली, तिथं घासाघीस तूच केलीस. तुझ्या घरी सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळा पेला ठेवला तेव्हा तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच त्या पेल्यातून पाणी पिऊ लागलीस. सासूबाई म्हणाल्या, "तो कुसुमचा हाय." तू म्हणालीस, "मग आता दोघींचा." महिनाभर त्या तुझ्याशी बोलल्या नाहीत. मग पेले सगळे एक झाले.

आणि शनिवार. सकाळची शाळा सुटली की तू माझ्या खोलीवर यायचीस. माझ्या माठातलं पाणी प्यायचीस, माझ्या हातचं जेवायचीस, सूर्य कलायच्या आत निघायचीस. पाणी गाळायचा कपडा तू पहिल्या शनिवारी आणलास आणि मला शिकवलंस, कसा उलटा करायचा, कसा धुवायचा. मी विचारलं, नळाच्या पाण्यातले जीव कुठे परत सोडायचे? तू म्हणालीस, "कन्हान नदीत. जा, बस पकड." किती हसलो होतो. मी एकटी बाई. शनिवार सोडला तर माझ्या खोलीत आवाज फक्त रेडिओचा असायचा. तू गेल्यावर दोन ताटं घासताना मला फार बरं वाटायचं.

पण अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, मंदिरातून निघून, इतर कोणाकडेही जायच्या आधी तू माझ्या दाराशी यायचीस. हात जोडून उभी राहायचीस. मी चौकटीत उभी राहून विचारायचे, "कशाची? नाव घे."

"पुढच्या साली."

"मग क्षमा बी पुढच्या साली."

आणि आपण चहा प्यायचो. शेजारच्या बायांना तो खेळ वाटायचा. अर्धा होताही. अर्धा नव्हता.

एका वर्षी मात्र चहा निवून गेला. तू म्हणालीस, तुह्या मायले वाटलं ते एका बाजूनं खरं, मले वाटलं ते एका बाजूनं. माझा तोल गेला. मी म्हटलं, हा तुमचा वाद म्हणजे वरच्या माणसाची सोय आहे. ज्याच्या हातात लोटा आहे त्याला एकच बाजू असते, कारण त्याच्यापुढे एकच गोष्ट घडते, समोरचा पाणी घेतो किंवा घेत नाही. सात उत्तरं ज्याला सुचतात त्याला तहान लागलेली नसते, आणि लोटाही धरायचा नसतो. पळवाट आहे ही नुसती. तू किती वेळ तरी जमिनीवर बोटानं रेघा ओढत होतीस. मग म्हणालीस, "वाद पळवाट नाही वं. मी पळून राहिली असन."

त्यानंतर बरीच वर्षं मी तो प्रश्न फक्त दारात विचारला. आत बसून नाही.

आणि मग यंदाचा श्रावण. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी तुला घरी पाठवून दिलं होतं, म्हणजे आता त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रोज शाळा सुटली की गांधीबागेच्या मागच्या त्या जिन्यावरून वर यायचे. खाली दुकानात मुलगा कापड फाडत असे, तो आवाज वर यायचा. त्या दिवशी तू सुनेला काहीतरी आणायला खाली पाठवलंस. उशीला टेकलीस. मला वाटलं, औषध हवं असेल.

"कुसुम, तो कपडा मावशीनं पिळला नसता, तरी बी मी ते पाणी पेली नसती."

मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. इतक्या वर्षांची सवय. 'एका बाजूनं' येईल आता. ते आलं नाही. मीच विचारलं, "स्यात् नाही?"

"नाही. याले दुसरी बाजू नाही. लोटा पाह्यला, अन् अंगावर काटा आला. मंग कपडा पिळताना दिसला त मले कारण सापडलं. किती बरं वाटलं होतं मले, कारण सापडलं त." तुला दम लागला. मी म्हटलं, राहू दे. तू हात वर केलास, वर्गात पोरींना गप्प करायचीस तसा. "अन् मंग येते येते म्हणत आली नाही, त्याचं बी तेच. मावशी पुन्हा गाळतीन. न पिळता. मंग मी काय सांगू? मले कारणच राह्यलं नसतं."

जे ऐकायला मी इतकी वर्षं दारात उभी राहिले होते, ते सगळं तू एका दमात दिलंस. नाव, गाव, कोण हरलं, सगळं. मला वाटलं होतं, ऐकल्यावर जिंकल्यासारखं वाटेल. मला फक्त त्या खोलीत फार एकटं वाटलं. तुझ्या त्या 'एका बाजूनं'मध्ये माझ्यासाठीही थोडी जागा होती, हे मला तोवर कळलं नव्हतं. कदाचित कपडाच असेल, असं म्हणून मी कितीतरी रात्री झोपले होते. ते तू काढून घेतलंस.

मी काय म्हणाले? "बरं," म्हणाले. तुझी चादर सारखी केली. सून वर आली. ऊन उतरलं होतं, तुझी औषधं सूर्यास्ताच्या आत द्यायची होती. मी निघाले. दुसऱ्या दिवशी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले, पण तोवर तू झोपेतच असायचीस. आणि मग झोपेतच राहिलीस.

म्हणून जे तेव्हा म्हणायला हवं होतं ते आता म्हणते. तू चुकलीस, विमल. आयुष्यभर मला 'याला दुसरी बाजू आहे' म्हणून छळलंस, आणि जिथं ती खरोखर होती तिथं नेमकी विसरलीस. वैशाखात आमच्या अंगणात बसलेली गांधीबागेची सून ते पाणी प्याली नसती. मान्य. तिला दुसरी बाजू नाही, आणि तिला मी सोडणार नाही. पण वेगळ्या पेल्यातून मुद्दाम पाणी पिणारी, माझ्या मोरीवर बसून कपडा हलक्या हातानं धुणारी जी बाई दर शनिवारी यायची, तिनं मायच्या हातचा लोटा तोंडाला लावून रिकामा केला असता. हे मला माहीत आहे. कुठून पाहून सांगते तेही सांगते, तुझ्या समोरच्या पाटावर बसून. त्या दोघी एकच होत्या का वेगळ्या, ते मला सांगता येत नाही. त्यालाही तुमच्या सातांत एक जागा आहे, तूच शिकवलंस.

वार्षिकांकासाठी मी लिहिणार आहे की तू जात पाळलीस. आणि मग ती सोडायला तुला किती वर्षं लागली, किती जड गेलं, ते मी जवळून पाहिलं, असंही लिहिणार आहे. मोठ्या बाई ते छापणार नाहीत, न छापोत. ज्या बाईनं आयुष्यात कधी जात पाळली नाही तिचा फोटो त्यांनी हार घालून खुर्चीवर ठेवला आहे. ती कोण, मला ठाऊक नाही. माझ्या खोलीवर ती कधी आली नाही.

उरली क्षमा. मायची जी होती ती मला देता येत नाही, ती तिच्याबरोबर गेली. माय असती तर तिनं मागायच्या आधीच दिली असती आणि वर तुला जेवायला बसवलं असतं, ते सोड. माझी मात्र माझ्याजवळ होती. परवा अनंत चतुर्दशी आहे. तेरवा सकाळी दारावर कोणी येणार नाही. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या आम्हीच दुसऱ्यांच्या दाराशी उभे राहिलो, उंबऱ्यापासून लांब. आमच्या दाराशी कोणी हात जोडून उभं राहावं आणि नाही म्हणायचा हक्क आमचा असावा, हे माझ्या मायला मिळालं नाही, आजीला स्वप्नातही सुचलं नसतं. ते मला मिळालं, तुझ्यामुळे, दरवर्षी. ते मला सोडवेना. क्षमा मी केव्हाच करून बसले होते, विमल, इतिहासाची बाई असून कोणत्या साली ते आठवत नाही. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तू विचारायला आली नसतीस.